चालू घडामोडी (स्पर्धा परीक्षा)

चालू घडामोडी हा स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमातील एक घटक आहे. राज्य, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय पातळीवरील अलीकडच्या घटनांची, प्रश्न विचारता येईल अशा रूपात टिपून ठेवलेली माहिती असा त्याचा अर्थ आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाच्या अभ्यासक्रमाचा पहिलाच मुद्दा हा आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेतही तो पहिलाच आहे. बातमी आणि घडामोड यांत परीक्षार्थी फरक करतात, आणि तो योग्य आहे. बातमी घटना सांगून थांबते. घडामोडीला मात्र तिच्या मागचे कलम, वर्ष, संस्था, आकडा आणि आधीची स्थिती जोडावी लागते.

शब्द : ‘घडामोड’ हा घडणे आणि मोडणे या दोन क्रियापदांचा जोडशब्द. घडवलेले मोडणे आणि मोडलेले पुन्हा घडवणे, असा सोनाराच्या दुकानात शोभेल असा त्याचा मूळ अर्थ आहे. त्यावरून उलथापालथ आणि पुढे नुसत्या घटना असा अर्थविस्तार झाला असावा. ‘चालू’ हे विशेषण चालू वर्ष, चालू खाते यांतलेच. हिंदीत या विषयाला ‘समसामयिकी’ म्हणतात. त्या शब्दात केवळ काळ आहे, मराठी शब्दात बदलही आहे. मराठी संज्ञा त्यामुळे अधिक नेमकी वाटते.

पूर्वपीठिका : या घटकाचा उगम कोठे मानावा याविषयी एकमत नाही. १८५३ च्या सनदी कायद्याने नेमणुकांतील वशिला संपवला, १८५४ मध्ये मेकॉले समितीचा अहवाल आला आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली खुली परीक्षा झाली. सामान्य ज्ञानाचा इतिहास पुष्कळदा येथूनच सुरू केला जातो. परंतु त्या परीक्षेचे विषय पाहिले तर ते इंग्रजी वाङ्मय, इतिहास, ग्रीक व लॅटिन, गणित, निसर्गविज्ञान, नीतिशास्त्र, संस्कृत आणि अरबी असे होते. उमेदवाराची विद्यापीठीय विद्वत्ता जोखणे हा त्यांचा हेतू होता; कालपरवा जगात काय झाले हे कोणी विचारत नव्हते. तेव्हा १८५५ हे स्पर्धा परीक्षेचे आरंभवर्ष खरे, चालू घडामोडींचे नव्हे.

दुसरे मत लीद्स समितीपासून आरंभ धरते आणि ते अधिक ग्राह्य आहे. स्टॅन्ली लीद्स यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने १९१७ मध्ये ब्रिटिश नागरी सेवांच्या परीक्षेची फेररचना सुचवली. तिला अनुसरून, साधारणपणे १९२५ च्या सुमारास, निबंध व इंग्रजी यांच्या जोडीला ‘प्रेझेंट डे’ आणि ‘एव्हरीडे सायन्स’ असे दोन पेपर सर्वांना सक्तीचे झाले. पहिल्यात समकालीन राजकीय, आर्थिक व सामाजिक प्रश्न असत, तर दुसऱ्यात रोजच्या व्यवहारातील विज्ञान. आजच्या अभ्यासक्रमातील ‘चालू घडामोडी’ आणि ‘सामान्य विज्ञान’ या जोडीचे मूळ येथे स्पष्ट दिसते. १९१८ मध्ये आय.सी.एस. (ब्रिटिशकालीन भारतीय नागरी सेवा) परीक्षेत पहिले आलेले चिंतामणराव देशमुख या पेपरच्या आधीच्या पिढीतले. १९२२ पासून ही परीक्षा अलाहाबादलाही होऊ लागली होती, त्यामुळे नव्या पेपरांची झळ हिंदुस्थानात राहून तयारी करणाऱ्यांना लवकरच पोहोचली असणार.

स्वातंत्र्यानंतर ‘प्रेझेंट डे’ची जागा ‘जनरल नॉलेज’ या सक्तीच्या पेपरने घेतली. दौलतसिंग कोठारी समितीच्या १९७६ च्या अहवालानंतर १९७९ पासून पूर्व, मुख्य व मुलाखत अशी तीन टप्प्यांची रचना आली आणि ‘जनरल नॉलेज’चे ‘जनरल स्टडीज’ झाले. हा केवळ नावाचा बदल नव्हता. ज्ञान हे साठवायचे असते, अध्ययन करावे लागते. मराठीत ‘सामान्य ज्ञान’ आणि ‘सामान्य अध्ययन’ हे दोन शब्द आजही अदलाबदलीने वापरले जातात, ते टाळावे.

महाराष्ट्र : १९३५ च्या कायद्यानुसार १९३७ मध्ये मुंबई व सिंध यांसाठी लोकसेवा आयोग स्थापन झाला; राज्यनिर्मितीबरोबर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र लोकसेवा आयोग अस्तित्वात आला. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०१२ पासून वस्तुनिष्ठ झाली आणि २०१३ पासून पूर्वपरीक्षेला दोन पेपर आले. वर्णनात्मक पद्धत पुन्हा आणण्याचा निर्णय आधी २०२३ साठी होता; पुण्यातील उमेदवारांच्या आंदोलनानंतर तो २०२५ पासून लागू करण्याचे ठरले.

पुण्यातील केंद्र : सदाशिव पेठ, नवी पेठ, नारायण पेठ आणि शास्त्री रस्ता हा या अभ्यासाचा मुख्य परिसर आहे. तो येथेच का वसला याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एक वाचनपरंपरेचे : १८४८ चे पुणे नगर वाचन मंदिर, १९११ चे पुणे मराठी ग्रंथालय, विश्रामबाग वाड्यातील शासकीय विभागीय ग्रंथालय. दुसरे सोयीचे : टिळक रस्त्यावरचे १९१६ चे सर परशुरामभाऊ महाविद्यालय, अप्पा बळवंत चौकातील पुस्तकबाजार, जुन्या वाड्यांतील भाड्याच्या खोल्या आणि मेस, हे सारे चालत जाण्याच्या अंतरावर. दुसऱ्याचे पारडे जड आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेल्या मुलामुलींना आधी कॉट लागते, मग कपाट. पुढे यशदा ही प्रशासकीय प्रशिक्षण संस्था, अनुसूचित जातींसाठीची बार्टी आणि मराठा-कुणबी समाजासाठी २०१८ मध्ये स्थापन झालेली सारथी या संस्थांमुळे शासकीय प्रशिक्षणही पुण्यात एकवटले. मार्च २०२१ मध्ये १४ तारखेची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलल्यावर शास्त्री रस्त्यावर हजारो उमेदवार उतरले आणि परीक्षा २१ मार्चला घ्यावी लागली. ऑगस्ट २०२४ मध्येही याच रस्त्यावरच्या आंदोलनानंतर २५ तारखेची परीक्षा लांबणीवर गेली. म्हणजे चालू घडामोडींचा अभ्यास करणारे स्वतःच त्या दिवसांची घडामोड झाले.

अभ्यासाची रीत : अभ्यासिकेत सकाळी वर्तमानपत्र वाचून टिपणे काढली जातात, महिन्याचे मासिक त्यावर ताडून पाहिले जाते आणि परीक्षेआधी एकओळी प्रश्नांची उजळणी होते. टिपणाचे दोन भाग पडतात : बदललेले आणि न बदलणारे. परीक्षार्थी दुसऱ्याला ‘स्टॅटिक’ म्हणतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, अध्यक्ष तारा भवाळकर, ही बातमी. टिपण येथून पुढे सुरू होते. दिल्लीत याआधी संमेलन १९५४ मध्ये झाले होते. ते ३७ वे आणि अध्यक्ष होते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. भवाळकर या सहाव्या महिला अध्यक्ष. पहिल्या कुसुमावती देशपांडे (१९६१), त्यांच्यानंतर दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे. एका बातमीतून एकाहत्तर वर्षे हाती लागतात.

त्याच धर्तीवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. सोबत पाली, प्राकृत, आसामी व बंगाली. अभिजात भाषांची संख्या सहावरून अकरा झाली आणि आदल्या दिवसापर्यंतचे ‘सहा’ हे बरोबर उत्तर चुकीचे ठरले. येथे तमिळ (२००४), संस्कृत (२००५), कन्नड व तेलुगू (२००८), मल्याळम (२०१३), ओडिया (२०१४) हा क्रम लागतो, मराठीचा दावा मांडणाऱ्या रंगनाथ पठारे समितीचा अहवाल लागतो आणि भाषेच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून जुन्नरजवळच्या नाणेघाटातील शिलालेखही लागतो.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या यादीत आलेल्या मराठा लष्करी स्थापत्याचे उदाहरण पुणेकरांना विशेष सावध करणारे आहे. बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रात, बारावा तमिळनाडूतील जिंजी. पुणे जिल्ह्यातील तीन : शिवनेरी, लोहगड, राजगड. खडकवासल्याच्या वाटेने दर रविवारी ज्याच्यावर पुणेकर चढतात तो सिंहगड या यादीत नाही, पुरंदरही नाही. ‘खालीलपैकी कोणता किल्ला समाविष्ट नाही’ अशा प्रश्नात ओळखीचे नावच दगा देते. चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण वजा होतात, त्यामुळे अंदाज महागात पडतो.

कालमर्यादा : ‘चालू’ म्हणजे किती मागचे, हे अभ्यासक्रमात सांगितलेले नाही. व्यवहारात परीक्षेआधीचे साधारण वर्षभर धरले जाते. काही जण दीड वर्ष धरतात, आणि परीक्षा पुढे गेली की ही खिडकीही पुढे सरकते व सगळी टिपणे पुन्हा काढावी लागतात. काही तारखा ठरलेल्या आहेत. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी पद्म पुरस्कार, २०१७ पासून १ फेब्रुवारीला केंद्रीय अर्थसंकल्प, मार्चमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पाआधी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी, ऑक्टोबरात नोबेल. आर्थिक पाहणीचे आकडे शक्यतो मूळ अहवालातूनच घ्यावेत. मासिकांत ते उतरताना चुकतात आणि एकाची चूक दुसऱ्यात जाते.

उत्तरतालिका : परीक्षेनंतर आयोग पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करून हरकती मागवतो आणि त्यांच्या विचारानंतर अंतिम तालिका काढतो. सदोष प्रश्न रद्द होतात. हरकतीसोबत आधार जोडावा लागतो आणि तेथे वर्गातल्या टिपणापेक्षा शासकीय प्रकाशन किंवा राजपत्र यांनाच वजन असते. नामांतरे या दृष्टीने नाजूक आहेत. पुणे विद्यापीठाचे २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव होण्यास फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मान्यता मिळाली, परंतु महसुली विभाग व जिल्ह्यांच्या नावांची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरात निघाली. मधल्या सात महिन्यांत शहराचे नाव एक आणि जिल्ह्याचे दुसरे होते.