यादी वाचून शब्द का टिकत नाहीत?

आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या कुणाचीही वही उघडा. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, निम्म्या ओळींवर पिवळा हायलायटर. ही वही रोज वाचली जाते आणि प्रत्येक वाचनागणिक शब्द ओळखीचे वाटू लागतात. फसगत इथेच होते. समोर दिसलेला शब्द ओळखणं वेगळं आणि कोऱ्या कागदापुढे तोच शब्द आठवणं वेगळं. निबंधात दुसरं लागतं. सराव झालेला असतो पहिल्याचा.

जेफ्री कार्पिके आणि हेन्री रोडिगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात एक प्रयोग मांडला. विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द इंग्रजी अर्थांसह शिकायला दिले. एखादा शब्द एकदा बरोबर आला की त्याचं पुढे काय करायचं, यावरून गट पाडले होते. काहींना तो पुन्हा पुन्हा विचारला जाई. काहींना विचारणं बंद, फक्त वाचायला मिळे. त्या दिवशी सगळ्याच गटांचे शब्द पाठ झाले. आठवड्याने पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा विचारणं चालू राहिलेल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, नुसतं वाचत राहिलेल्यांना जेमतेम ३५ टक्क्यांच्या आसपास. जादा वाचनाने जवळपास काहीच हाती लागलं नव्हतं. खरी गंमत पुढे आहे. आठवड्याने किती शब्द आठवतील, हा अंदाज विद्यार्थ्यांकडून आधीच घेतला होता, आणि सगळ्या गटांचा अंदाज निम्म्याच्या आसपास, जवळजवळ सारखाच होता! आपला अभ्यास पक्का झालाय की नाही, हे आपल्याच मनाला विचारण्यात फारसा अर्थ नाही.

म्हणून शब्द स्वतःला विचारून बघायचे, तेही दिवसांचं अंतर सोडून. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की, विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो आणि पुढे मंदावतो. मोबाइलवरची फ्लॅशकार्डची (पुढे प्रश्न, मागे उत्तर) अ‍ॅप याच हिशेबाने चालतात: आलेला शब्द लांबच्या तारखेला, चुकलेला लगेच.

आता शब्द कोणते, हा प्रश्न. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ म्हटलं की मुलं ‘युबिक्विटस’सारखे भारदस्त शब्द धरून बसतात. न्यूझीलंडच्या भाषा-अभ्यासक अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे ३५ लाख शब्दांचा विद्यापीठीय मजकूर चाळून २००० साली ५७० शब्दकुळांची (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुळ) यादी प्रसिद्ध केली. अशा मजकुरातला साधारण दहावा हिस्सा ही कुळं व्यापतात. त्यात आहे काय? ‘अ‍ॅनालाइझ’, ‘असेस’, ‘अझ्यूम’. अगदी साधे वाटणारे, पण वाक्यात नेमके वापरायला सांगितले की भल्याभल्यांना घाम फोडणारे.

क्लासच्या नोट्समध्ये समानार्थी शब्दांची माळ असते: अ‍ॅलिव्हिएट, मिटिगेट, अस्वेज, तिन्हींचा अर्थ साधारण ‘त्रास कमी करणं’. एकाच बैठकीत शिकलेले जवळच्या अर्थाचे शब्द एकमेकांत गुंततात, असं संशोधक थॉमस टिंकहॅम यांच्या नव्वदच्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं. नंतरचे निष्कर्ष इतके एकमुखी नाहीत; तरी तिन्ही शब्द नवे असतील, तर एक आज आणि दुसरा पुढच्या आठवड्यात घेणं मला शहाणपणाचं वाटतं.

आयएल्ट्सच्या लेखन आणि संभाषणात शब्दसंपदेला २५ टक्के वजन आहे, आणि सात बँडच्या (नऊपैकी सात गुणांच्या) निकषात कमी वापरातल्या शब्दांबरोबरच कोणता शब्द कुणाच्या जोडीला शोभतो, याची जाणही बघितली जाते. पाऊस मुसळधार आणि ऊन रणरणतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही; इंग्रजीतल्या जोड्या मात्र मुद्दाम टिपाव्या लागतात. म्हणून कार्डावर सुटा शब्द नको. समोर लिहा: ‘द न्यू ब्रिज विल ____ ट्रॅफिक कंजेशन’. मागे ‘अ‍ॅलिव्हिएट’. आणि कार्ड उलटण्याआधी चुकीचं का होईना, एक उत्तर मोठ्याने देऊन टाका.