अंग भरलंय की सुटलंय? ‘ओव्हरवेट’ आणि ‘ओबीज’ यांतला फरक

आरोग्य तपासणीच्या कागदावर उंची आणि वजनाच्या खाली एक इंग्रजी शब्द छापून येतो. कुणाच्या कागदावर ‘ओव्हरवेट’, कुणाच्या ‘ओबीज’. घरी आल्यावर दोघांचंही मराठी एकच होतं: लठ्ठ. पहिला मनाला लावून घेतो, दुसरा म्हणतो, ‘आमचा बांधाच तसा’. पुष्कळदा दोघांचंही चुकतं, कारण हे दोन शब्द एकाच गोष्टीच्या लहान-मोठ्या पायऱ्या आहेत असं आपण धरून चालतो.

खरं तर हा फरक मराठीला नवा नाही. तालमीत जाऊन सहा महिने मेहनत केलेल्या पोराचं ‘अंग भरलं’ असं आपण म्हणतो. तोच पोरगा पुढं दुकानाच्या गल्ल्यावर बसायला लागला की दोन-तीन वर्षांत त्याचं ‘अंग सुटलं’ असं म्हणतो. दोन्ही वेळा काट्यावरचा आकडा वर गेलेला असतो, पण कोल्हापुरातली कुठलीही आजी या दोन्हींत गल्लत करणार नाही.

‘ओव्हरवेट’ हा वजनकाट्याचा शब्द आहे. उंचीच्या मानानं ठरवलेल्या रेषेपेक्षा वजन जास्त, एवढंच तो सांगतो. ते वजन कशाचं, यावर तो गप्प असतो. ते स्नायूंचं असेल, चरबीचं असेल किंवा नुसत्या पाण्याचं. शरीरात १ लिटर पाणी साठलं की काट्यावर १ किलो वाढतं. हृदय किंवा मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर पायांवर सूज येते आणि वजन चढतं. दोन-तीन दिवसांत २ किलोंहून जास्त वजन वाढलं आणि घोट्याजवळ बोट दाबल्यावर खळगा राहत असेल, तर ती चरबी नव्हे. इतक्या झपाट्यानं चरबी वाढतच नाही. अशा वेळी जेवण कमी करत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सूज म्हणजे बाळसं नव्हे, ही म्हण इथं शब्दशः लागू पडते.

‘ओबीज’ हा शब्द चरबीचा आहे. लॅटिनमध्ये ‘एडेरे’ म्हणजे खाणं, आणि ‘ऑबेसस’ म्हणजे खाऊन खाऊन फुगलेला. शब्दाच्या जन्मातच माणसावर ठपका आहे, आणि तो अन्यायाचा आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसांतल्या वजनाच्या फरकाचा ४० ते ७० टक्के भाग आनुवंशिकतेशी जोडलेला असतो. शिवाय स्टेरॉइड, इन्सुलिन, मनोविकारांवरची काही औषधं यांनीही वजन वाढतं. आज वैद्यकात ‘ओबेसिटी’चा अर्थ आहे शरीरात इतकी चरबी साठणं, की तिच्यामुळं तब्येतीला धोका पोहोचतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं २०१३ मध्ये तिला आजार म्हणून मान्यता दिली.

चरकसंहितेतल्या सूत्रस्थानाचा २१वा अध्याय इथं आठवतो. ‘अतिस्थूल’ कुणाला म्हणावं, तर ज्याचा मेद आणि मांस अति वाढून नितंब, पोट आणि छाती हलू लागते, आणि अंगाच्या वाढीच्या मानानं ज्याच्यात उत्साह राहत नाही, त्याला. या व्याख्येत वजनाचा उल्लेखही नाही. मेद कुठं साठलाय आणि माणसाच्यानं काय होत नाही, एवढंच पाहिलंय.

मग दोन्ही शब्द एकाच पट्टीवर कसे आले? बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ केटले १८३०च्या दशकात ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते शोधत होते. प्रौढांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, असं त्यांना आढळलं. १९७२ मध्ये अमेरिकेचे शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज आणि सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांची मापं तपासून याच गुणोत्तराला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं. तोच आपला बीएमआय: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. लोकसमूहांची तुलना करायला ते सोयीचं माप होतं. एकेका माणसाच्या कपाळावर शिक्का मारायला ते नंतर वापरात आलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पट्टीवर २५ पासून ओव्हरवेट आणि ३० पासून ओबीज. भारतीयांसाठी डॉक्टरांनी २००९ मध्ये एकमतानं रेषा खाली आणल्या: २३ पासून ओव्हरवेट, २५ पासून ओबीज. हिशेब करून पाहू. उंची १६५ सेंटीमीटर, म्हणजे १.६५ मीटर, तिचा वर्ग २.७२. या उंचीला ६२.६ किलोंवर ओव्हरवेट सुरू होतं आणि ६८ किलोंवर भारतीय पट्टीनं ओबीज. जागतिक पट्टीनं ओबीज व्हायला मात्र ८१.७ किलो लागतात. म्हणजे ७० किलोंचा तोच माणूस एका प्रयोगशाळेच्या कागदावर ‘ओव्हरवेट’ आणि दुसरीच्या कागदावर ‘ओबीज’ ठरू शकतो. कागद हातात आला की आधी पट्टी कुठली वापरलीय ते बघावं. बातम्यांतही हाच घोटाळा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष ‘ओव्हरवेट किंवा ओबीज’ निघाले. तिथं दोन्ही शब्द एकाच रकान्यात आहेत आणि रेषा २५ची आहे.

रेषा माणसंच आखतात आणि माणसंच हलवतात. अमेरिकेत १९९८ पर्यंत पुरुषांसाठी ओव्हरवेटची रेषा २७.८ होती. ती २५ वर आणली आणि कोट्यवधी लोक, ग्रॅमभरही वजन न वाढता, एका दिवसात ओव्हरवेट झाले.

आता कोल्हापूरच्या खासबाग मैदानात दोघांना शेजारी उभं करू. शाहू महाराजांनी बांधलेल्या, १९१२ पासून कुस्त्या पाहिलेल्या या मैदानात एक आहे लाल मातीतला पैलवान: उंची १७५ सेंटीमीटर, वजन ९२ किलो, कंबर ८४ सेंटीमीटर. दुसरा कुस्ती बघायला आलेला दुकानदार: उंची तेवढीच, वजन ७० किलो, पण कंबर ९६ सेंटीमीटर. पैलवानाचा बीएमआय ३० भरतो, म्हणजे कुठल्याही पट्टीनं ओबीज. दुकानदाराचा २२.९, म्हणजे कुठल्याही पट्टीनं नॉर्मल. प्रत्यक्षात साखरेची आणि हृदयाची काळजी करायला हवी ती दुकानदारानं. सडपातळ हातापायांवर सुटलेलं पोट शर्टाआड झाकलं जातं आणि बीएमआयला ते दिसतच नाही.

यामागं साधं पदार्थविज्ञान आहे. स्नायूची घनता लिटरला साधारण १.०६ किलो, चरबीची ०.९. म्हणून १० किलो स्नायू सुमारे साडेनऊ लिटर जागा घेतो आणि १० किलो चरबी ११ लिटर. काट्याला दोन्ही सारखे, टेपला नाहीत.

पण जागेपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे चरबी बसते कुठं. कातडीखालची चरबी हे शरीराचं कोठार. ते भरत आलं की जादा चरबी यकृतात, स्वादुपिंडात, स्नायूंच्या आत आणि आतड्यांभोवती शिरते. आतड्यांभोवतालच्या चरबीचं रक्त थेट यकृताकडं जातं, त्यामुळं तिच्यातली मेदाम्लं आणि दाह पेटवणारी रसायनं यकृतावर पहिल्यांदा आदळतात. इन्सुलिन असूनही त्याचा परिणाम कमी होतो, साखर वाढते, यकृतावर मेद चढतो. आपल्या लोकांचं कातडीखालचं कोठार लवकर भरतं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, आणि याचा सर्वांत बोलका दाखला आपल्या शेजारच्या पुण्यातला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापं प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. स्नायू कमी, पण चरबी त्या मानानं राखलेली. बारीक दिसणारं, तरी आतून चरबीचं बाळ. भारतीयांची रेषा २३ वर का आणली, याचं उत्तर इथं आहे.

म्हणून घरात शिंप्याची टेप हवी. माप घेताना उभं राहावं, पावलं थोडी फाकून, कपडे बाजूला करून. शेवटची बरगडी बोटानं चाचपावी, मग कुशीत खाली लागणारं कमरेचं हाड. दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनानं खूण करावी. टेप त्या खुणेवरून सगळीकडून जमिनीला समांतर फिरवावी. मागं ती खाली घसरते, म्हणून कुणाला तरी पाठीकडून बघायला सांगावं. श्वास नेहमीसारखा सोडावा आणि त्या क्षणी आकडा वाचावा. पोट आत घेऊन काढलेलं माप ३–४ सेंटीमीटरनं सहज खोटं पडतं. टेप कातडीला लागेल, पण रुतणार नाही. दोनदा मोजून सरासरी घ्यावी. भारतीय पुरुषाला ९० आणि स्त्रीला ८० सेंटीमीटर ही धोक्याची खूण. त्याहून सोपं म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी: १७५ उंचीला साडेसत्याऐंशी.

पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली बांधतो. नंबर ३४ सांगतो आणि खरं माप ३८ इंच भरतं, म्हणून ‘माझी साईज दहा वर्षं बदलली नाही’ हे वाक्य ऐकलं की आधी टेप काढावी. उंचीतही असंच होतं. ७० किलोंच्या माणसाची उंची १६५ असताना बीएमआय २५.७ येतो. चपलेसकट ती १६८ मोजली तर २४.८. चप्पल काढली नाही एवढ्यानं भारतीय पट्टीवर ओबीजचा ओव्हरवेट झाला. वजन सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, उपाशीपोटी घ्यावं, आणि काटा सतरंजीवर न ठेवता फरशीवर ठेवावा.

तालमीच्या गावात आणखी एक गोष्ट बोलायला हवी. वजनगटात बसण्यासाठी मल्ल घाम गाळून, पाणी तोडून वजन उतरवतात. त्यात चरबी जवळजवळ जात नाही, पाणी जातं, आणि ते जिवावर बेतू शकतं. याच्या उलट गत आखाडा सुटल्यावर होते. अर्धा लिटर म्हशीचं दूध म्हणजे सुमारे ५०० कॅलरी, दोन मोठे चमचे तूप २७०, पन्नासेक बदाम साडेतीनशे. हा साधारण अकराशे कॅलरींचा खुराक जोर-बैठका आणि लढतीत जिरतो. मेहनत थांबली आणि खुराक चालू राहिला तर आठवड्याला ७,७०० कॅलरी उरतात, आणि १ किलो चरबीत साधारण तेवढीच ऊर्जा असते. प्रत्यक्षात एवढ्या वेगानं वजन वाढत नाही, कारण शरीर जड झालं की त्याचा खर्चही वाढतो. पण पंचेचाळिशीतल्या माजी मल्लाचं वजन ९२ च राहिलं असेल, तरी ८ किलो स्नायू जाऊन तिथं ८ किलो चरबी आलेली असू शकते. वजन तेच आणि कागदावरचा शब्दही तोच, पण आता माणूस खरोखर ओबीज झालेला असतो. जपानच्या सुमो मल्लांत हेच दिसलं. सराव चालू असताना त्यांची चरबी मोठ्या प्रमाणावर कातडीखाली असते, निवृत्तीनंतर ती पोटात साठू लागते. निवृत्त पैलवानानं दूध-तूप निम्म्यावर आणावं, पण बैठका मात्र पूर्ण सोडू नयेत. स्नायू टिकवायला आठवड्यातून दोन-तीन दिवसांची मेहनतही पुष्कळ होते.

जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगानं या शब्दांची नव्यानं मांडणी केली, आणि ती पटते. नुसत्या बीएमआयवर ओबीज ठरवू नये. कंबर किंवा तत्सम एक तरी माप जोडीला घ्यावं. चरबी जास्त आहे, पण अवयव नीट चालतायत, तर तो आजाराआधीचा टप्पा. चरबीनं श्वास, गुडघे, यकृत, हृदय यांवर परिणाम केलाय किंवा रोजची कामं अडतायत, तर तो आजार. म्हणून कागदावर दोन्हींपैकी कुठलाही शब्द आला, तर डॉक्टरांना कंबर मोजायला सांगावं, रक्तदाब बघावा, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी), रक्तातल्या चरबीचे घटक आणि यकृताची तपासणी करून घ्यावी. आजार निघालाच, तर वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तरी साखर आणि रक्तदाब सुधारतात. ८० किलोंच्या माणसाला ४ ते ८ किलो. त्यासाठी पुन्हा विशीतलं अंग यायची गरज नसते.

गरोदर बाईला हे दोन्ही शब्द लावू नयेत. मुलांना मोठ्यांचे आकडे लावू नयेत. पाचवीतल्या मुलाचा बीएमआय २१ आला तर मोठ्यांच्या पट्टीवर तो नॉर्मल, पण त्या वयाला तो जास्त असतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांचे २०१५ चे वाढीचे तक्ते आहेत. त्यांत वय आणि मुलगा-मुलगी पाहून रेषा बदलते, आणि अठराव्या वर्षी २३ ला मिळणारी रेष ओव्हरवेटची, २७ ला मिळणारी ओबीजची (मोठ्यांच्या भारतीय पट्टीतल्या २५ हून ही वेगळी). दर सहा महिन्यांनी त्यावर एक ठिपका टाकावा. एकटा ठिपका फारसं सांगत नाही. चार ठिपके जोडल्यावर रेघ आपल्या ओळीनं चाललीय की वरच्या ओळी ओलांडतेय, ते दिसतं.