आटपाट नगरापासून राणीच्या बागेपर्यंत : मराठी बालवाचकाच्या जादूची पार्श्वभूमी

नऊ ते बारा-तेरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबरीचा एक साचा आता जगभर ओळखीचा झाला आहे. घरात किंवा शाळेत कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या मुलाला एके दिवशी कळते की रोजच्या जगाच्या आड दुसरे एक जग आहे, आणि त्या जगाशी आपले नाते आहे. हा साचा आपल्याकडे इंग्रजीतून आला, असे मुंबईत पुस्तकांविषयी बोलताना सर्रास गृहीत धरले जाते. कादंबरी या रूपापुरते ते खरे आहे; कथेच्या गाभ्यापुरते मात्र ते मुळीच खरे नाही.

श्रावणातल्या नागपंचमीची कहाणी पाहावी. आटपाट नगरातल्या ब्राह्मणाच्या धाकट्या सुनेला माहेरचे कोणीच नाही. सणाला कोणी न्यायला येत नाही म्हणून ती खिन्न बसलेली असताना शेषभगवान मामाच्या रूपाने दारात उभा राहतो आणि तिला वारुळाखालच्या आपल्या घरी घेऊन जातो. तिथे तिच्या हातून दिवा पडतो, नागाच्या पिल्लांची शेपटे भाजतात, आणि पुढची सारी गुंतागुंत त्या एका चुकीतून निर्माण होते. उपेक्षित नायिका, पायाखालच्या जमिनीत दडलेले जग, तिथे झालेल्या अपराधाचे इथे भोगावे लागणारे फळ आणि शेवटी तिच्याच सद्भावनेमुळे झालेली सुटका, हे सगळे घटक चार-पाच मिनिटांत वाचून होणाऱ्या या कहाणीत आहेत. गिरगाव-दादरच्या चाळींतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ती पाटावर बसून, हातात अक्षता धरून ऐकली. ती आपल्या बालसाहित्याचा भाग आहे, असे मात्र फारसे कोणी मानले नाही.

त्याहून जुना वारसाही याच भूमीतला आहे. गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ पैठणच्या सातवाहनांच्या दरबाराशी जोडली जाते, आणि तिच्यातल्या कथा अकराव्या शतकात सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त पुन्हा अवतरल्या. कावळ्याच्या शेणाच्या घराची गोष्ट तर ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींच्या तोंडी आली आहे.

मुलांसाठी मराठीत छापील पुस्तके नियमितपणे निघू लागली ती मुंबईत, आणि ती शाळेच्या गरजेतून. १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ आणि इसापच्या कथांचे भाषांतर प्रसिद्ध झाले. हेच छत्रे ‘वेताळपंचविशी’चेही कर्ते, त्यामुळे त्यांना अद्भुताचे वावडे होते असे म्हणता येणार नाही, पण शाळांसाठी लिहिताना बोध आणि सद्वर्तन यांनाच अग्रक्रम मिळाला. १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांनी सुरू केलेल्या ‘बालबोध’ मासिकानेही चरित्र, निबंध, कविता आणि शास्त्रीय माहिती यांवर भर दिला. त्या कामाचे मोल मोठे आहे. मात्र अद्भुताचा ओघ याच काळात प्रौढांच्या वाचनाकडे वळला. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाले’पासून (१८६१) अद्भुतरम्य कादंबरी बहरली ती मोठ्यांसाठी, आणि हरिभाऊ आपट्यांच्या वास्तववादानंतर तिचीही प्रतिष्ठा ओसरली.

इंग्रजीत नेमके याच सुमारास उलट घडत होते. ईडिथ नेस्बिट यांनी १९०२ मध्ये, वाळू-खडीच्या खाणीत सापडलेल्या आणि इच्छा पुऱ्या करणाऱ्या प्राण्याची गोष्ट लिहिली. तिथे जादू कुणा राजपुत्राकडे न जाता साध्या भावंडांच्या हाती पडली, आणि तिला सूर्यास्ताची मर्यादाही होती. १९०६ मध्ये रुडयार्ड किपलिंग यांनी दोन मुलांना आपल्याच कुरणात भेटणाऱ्या पकची, म्हणजे इंग्रजी लोककथांतल्या एका खट्याळ अद्भुत जिवाची, गोष्ट सांगितली. हे किपलिंग १८६५ मध्ये मुंबईतच, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मले. दुपारी झोपण्यापूर्वी आया आणि मीता नावाचा गडी आपल्याला गोष्टी व गाणी ऐकवीत, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. इंग्रजी बालसाहित्यातल्या अद्भुताची एक मुळी मुंबईतल्या घरगुती गोष्टींपर्यंत पोहोचते, असे मानायला त्यामुळे जागा आहे.

मराठीत मुलांची जादू परत आली ती पुस्तकातून नव्हे, रंगमंचावरून. १९५९ मध्ये सुधा करमरकर यांनी लिटल थिएटरच्या वतीने रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ सादर केले. पुढे मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मध्ये दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेली चेटकीण मुंबईच्या मुलांच्या कायमची लक्षात राहिली. चेटकीण, राक्षस, मंतरलेल्या वस्तू, सारे काही या नाटकांनी दिले, तरी त्यांचा मुलूख बहुतांशी आटपाट नगराचाच राहिला. अद्भुताला मुंबईचा पत्ता दिला तो विंदा करंदीकरांनी. ‘राणीची बाग’ (१९६१) या संग्रहात त्यांनी भायखळ्याच्या बागेतले, मुलांनी रविवारी पाहिलेले प्राणी अशा काही तऱ्हेने बोलते-वागते केले की पिंजऱ्यासमोर उभ्या असलेल्या मुलाला ती जागाच निराळी दिसू लागावी. हे काम कवितेत झाले, आणि माझ्या मते मराठी बालसाहित्यातले ते फार मोठे वळण आहे.

दीर्घ कथेला मात्र हे वळण लाभले नाही. १९५२ पासून मराठीत येऊ लागलेल्या ‘चांदोबा’ने विक्रम-वेताळ घरोघर नेला, पण तो राजेराजवाड्यांच्या काळातच वावरत राहिला, कुमारांची कादंबरी भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेबरोबर साहसाकडे, त्यांनीच केलेल्या ज्यूल व्हर्नच्या अनुवादांबरोबर आणि नंतर जयंत नारळीकरांच्या लेखनाबरोबर विज्ञानाकडे गेली. १९९७ मध्ये हॅरी पॉटर अवतरला, पुढे त्याचे मराठी अनुवादही झाले, आणि तोवर मोकळी राहिलेली जागा त्याने व्यापली.

ती जागा इतकी वर्षे मोकळी राहिली, याला आणखी एक कारण आहे आणि ते आदराने समजून घ्यायला हवे. महाराष्ट्रातल्या सुधारकांनी बुवाबाजी आणि करणीच्या भीतीविरुद्ध दीर्घ लढा दिला, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, २०१३ मध्ये, जादूटोणाविरोधी कायदा झाला. अशा समाजात मुलांच्या हाती जादू देताना लेखकाचा हात अडखळणे स्वाभाविक आहे. परंतु छुप्या जादूच्या चांगल्या कादंबरीतले मूल कोणा बाबाला शरण जात नाही. जादू कधी चालते, कधी चालत नाही, तिची मर्यादा कोणती आणि तिची किंमत कोण मोजतो, हे ते स्वतः पडताळून पाहते. नेस्बिट यांची भावंडेही हेच करतात. आज मुंबईत राहून मराठीत अशी कादंबरी लिहू पाहणाऱ्याला रामाच्या बाणाने प्रकटल्याची आख्यायिका असलेली बाणगंगा, समुद्रात भर घालून जोडलेली सात बेटे, कान्हेरीची लेणी आणि जुन्या रस्त्यांच्या कडेला अर्धवट गाडले गेलेले ब्रिटिशकालीन मैलाचे दगड, एवढी सामग्री हाताशी आहे, आणि त्या वारुळाखालच्या घराची वाटही त्याला ठाऊक आहे.