येळ्ळूर

येळ्ळूर हे कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या बेळगाव तालुक्यातील, बेळगाव शहराच्या दक्षिणेस आठ-दहा किलोमीटरच्या टप्प्यात वसलेले शेतीप्रधान गाव आहे. देसूर, धामणे, सुळगे आणि अवचारहट्टी ही त्याच्या आसपासची गावे होत. गावाच्या पाठीशी असलेला राजहंसगड उर्फ येळ्ळूरगड दुरूनही ओळखू येतो आणि बाहेरचा माणूस येळ्ळूरला ओळखतो तो बहुधा या किल्ल्यावरून किंवा सीमाप्रश्नावरून. गावाचे अर्थकारण मात्र पूर्वीपासून गडाखालच्या सखल भातशिवारावर चालत आले आहे.

बेळगावचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच असून सह्याद्रीचा माथा पश्चिमेस जवळच आहे. त्यामुळे येथे वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेकडे खानापूर तालुक्यात तो वाढत जातो, तर पूर्वेकडे अथणीच्या बाजूला निम्म्याहून खाली येतो. परिसरातील टेकड्यांच्या माथ्यांवर तांबडा जांभा आढळतो आणि उतारावरून वाहून आलेली माती सखल भागात साचून पाणी धरून ठेवणारी जमीन तयार झाली आहे. येळ्ळूर, वडगाव, शहापूर आणि अनगोळ यांची शिवारे एकमेकांना लागून असून त्यांचे जादा पाणी बळ्ळारी नाल्याकडे जाते. नाला गाळाने व जलपर्णीने भरल्यामुळे आणि शहराचे सांडपाणीही त्यात सोडले जात असल्यामुळे जुलै-ऑगस्टच्या जोरदार पावसात पाणी पात्राबाहेर पसरते, उभे भातपीक कुजते आणि काही शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी येते.

भाताची लागवड दोन पद्धतींनी होते. मे महिन्यातील वळिवाच्या सरींनंतर नांगरट आणि कुळवणी करून ढेकळे फोडली जातात, आणि मृग लागण्याच्या सुमारास कोरड्या मातीत बियाणे पेरले जाते. या पेरणीला धूळवाफ पेरणी म्हणतात. पाऊस वेळेवर आला तर पीक एकसारखे उगवते आणि चिखलणीचा खर्च वाचतो, पण पेरणीनंतर पावसाने दडी मारली तर बी वाया जाते आणि लागोपाठ पाऊस कोसळला तर कोळपायला, भांगलायला उसंत न मिळून तण भाताच्या वर जाते. सखल जमिनीत म्हणूनच चिखल करून रोप लावणे पसंत केले जाते. त्याला या भागात नट्टी असे म्हणतात. सुगी दिवाळीच्या आगेमागे येते. त्याच वेळी परतीचा पाऊस गाठला तर कापून पसरलेले भात वाफ्यातच भिजते, दाण्याला कोंब फुटतात आणि जनावरांसाठी ठेवायचे पिंजरही काळे पडते. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा, कडवे वाल, मोहरी अशी पिके घेतली जातात. त्यांना वेगळे पाणी द्यावे लागत नाही, थंडी आणि दव यांवरच ती येतात.

या पट्ट्यातील सुवासिक तांदूळ बेळगाव बासमती या नावाने बाजारात प्रसिद्ध आहे. उंच वाढणारे हे पीक वाऱ्यापावसात लोळते आणि उताराही कमी देते, त्यामुळे इंद्रायणी, इंटाण यांसारख्या वाणांनी त्याची बरीच जागा घेतली आहे. बेळगाव बासमती म्हणून विकले जाणारे प्रत्येक पोते या शिवारातलेच असेल, असे मानण्याचे कारण नाही.

बेळगाव, म्हणजे तेव्हाचे वेणुग्राम, तेराव्या शतकाच्या सुरुवातीस रट्ट राजांची राजधानी होते आणि येळ्ळूरगडाची पहिली उभारणी परंपरेने त्यांच्याच काळाशी जोडली जाते. पुढे यादव, बहामनी आणि विजापूरची आदिलशाही अशी सत्तांतरे झाली. गडाच्या दगडी बांधकामाचे श्रेय आदिलशाही सरदार असदखान लारी याला दिले जाते. मराठ्यांच्या अमलानंतर १८१८ मध्ये बेळगाव इंग्रजांकडे गेले. गडावर सिद्धेश्वराचे मंदिर आहे. तेथील छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे मार्च २०२३ मध्ये काही दिवसांच्या अंतराने दोनदा अनावरण झाले. निवडणूक तोंडावर असल्याने दोन्ही प्रमुख पक्षांना तो मान हवा होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. येळ्ळूर हे मराठीभाषक गाव तेव्हापासून महाराष्ट्र एकीकरण समितीच्या चळवळीत आघाडीवर राहिले. गावाच्या वेशीवरील ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ असा फलक न्यायालयाच्या आदेशानुसार जुलै २०१४ मध्ये हटवण्यात आला. ग्रामस्थांनी तो पुन्हा उभारल्यावर दुसऱ्यांदा काढण्यात आला आणि त्या वेळी पोलिसांनी लाठीमार केला. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावा ही या वादाची न्यायालयीन बाजू होय. चांगळेश्वरी देवी आणि कलमेश्वर यांच्या यात्रेत भरणारे कुस्त्यांचे मैदानही ‘महाराष्ट्र मैदान’ या नावानेच ओळखले जाते.

अलीकडच्या काळात गावासमोरचा अधिक निकडीचा प्रश्न जमिनीचा आहे. बेळगाव शहर दक्षिणेकडे सरकत असून वडगाव ते येळ्ळूर रस्त्याच्या दुतर्फा भाताच्या वाफ्यांचे भूखंड होत आहेत. हलगा–मच्छे बायपाससाठी या पट्ट्यातील पिकाऊ जमीन घेण्यास शेतकऱ्यांनी आंदोलने करून आणि न्यायालयात जाऊन विरोध केला. नुकसानभरपाईबरोबरच रस्त्याच्या भरावामुळे शिवारातील पाण्याचा नैसर्गिक निचरा अडेल, हाही त्यांचा आक्षेप होता, आणि बळ्ळारी नाल्याचा अनुभव पाहता तो निराधार म्हणता येत नाही.