ख्रिस्ताची खोली

ख्रिस्ताची खोली म्हणजे ख्रिस्ती कुटुंबाने आपल्या राहत्या घरात परक्या, गरजू किंवा वाटेवरच्या माणसासाठी मुद्दाम राखून ठेवलेली खोली, आणि खोली जमत नसेल तर एखादा कोपरा किंवा नुसती जास्तीची गादी. आधार बायबलमधल्या मत्तय 25:35 चा, परक्याला घरात घेतलंत ते मलाच घेतलंत हे येशूचं म्हणणं. नातेवाईक आले, संध्याकाळी मंडळी प्रार्थनेला जमली, चहा-केक झाला, तो पाहुणचार सगळ्यांना माहीत आहे, त्यावर इथे वेगळं लिहीत नाही.

शब्दाचा घोळ आधी बघू. नव्या करारात (बायबलचा येशूनंतरचा भाग) आतिथ्यासाठी ग्रीक शब्द येतो फिलोझेनिया, शब्दशः परक्यावरचं प्रेम. नाम म्हणून दोनदाच येतो (रोम 12:13, इब्री 13:2), विशेषण तीनदा, आणि त्या तिनांतले दोन उल्लेख मंडळीच्या अध्यक्षाच्या अंगी काय गुण हवेत त्या यादीत आहेत (1 तीमथ्य 3:2, तीत 1:8). तिसरा 1 पेत्र 4:9, तिथे तर कुरकुर न करता करा असं सांगावं लागलंय, म्हणजे कुरकुर तेव्हाही होत असणार. यातला झेनोस हा शब्द गमतीशीर आहे, त्याचा अर्थ परका, पाहुणा आणि यजमान असा तिन्ही होतो. रोम 16:23 मध्ये प्रेषित पौलाला घरी ठेवून घेणाऱ्या गायसाला तोच शब्द लावलाय. जाता जाता, आपल्याकडे ‘अतिथी’ म्हणजे ज्याची येण्याची तिथी ठरलेली नाही तो, असं हमखास सांगतात, ऐकायला छान वाटतं पण भाषेचे अभ्यासक बहुधा ‘अत्’ म्हणजे फिरणे, जाणे या धातूकडे झुकतात आणि ते जास्त पटतं.

खोलीचं मूळ जुन्या करारात सापडतं. 2 राजे 4 मध्ये शुनेम गावची एक बाई नवऱ्याला म्हणते की हा अलीशा संदेष्टा येता-जाता आपल्याकडे जेवतो, तर त्याच्यासाठी माडीवर छोटी खोली बांधू, आणि आत पलंग, मेज, बसायला आसन आणि दिवा ठेवू. ही सामानाची यादी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिल्या शतकात उपासनाच घरांत व्हायची (प्रिस्किल्ला-अक्विला, फिलेमोन, फिलिप्पैची जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया), निदान बरेच अभ्यासक असं धरतात, अलीकडे काहीजण म्हणतात की कारखान्याच्या जागा, भाड्याचे हॉल पण वापरत असतील. फिरते उपदेशक या घरांतच उतरायचे आणि त्यातून त्रासही व्हायचा हे दिदाखे या छोट्या नियमपुस्तिकेत दिसतं. तिचा काळ कुणी पहिल्या शतकाचा शेवट मानतं, कुणी दुसऱ्याच्या मध्यापर्यंत खेचतं. आपल्या हाती आलेली मुख्य ग्रीक प्रत 1056 ची, ती ब्रिएनिओस या ग्रीक धर्मगुरूंना 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला (आजचं इस्तंबूल) मिळाली आणि 1883 मध्ये छापली गेली. नियम एकदम रोखठोक. प्रेषिताने एक दिवस राहावं, गरज पडली तर दोन, तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. साधा वाटसरू असेल तर दोन-तीन दिवस, कायमचं राहायचं असेल तर काम करून खावं, आणि ते नको म्हणत असेल तर तो ख्रिस्ताच्या नावावर धंदा करणारा, त्याच्यापासून सांभाळून राहा.

चौथ्या शतकात चर्चने धर्मशाळा काढल्या (ग्रीकमध्ये झेनोदोखिओन), त्यात कैसरियाचा बिशप बासिल याची मोठी प्रसिद्ध आहे. सोय झाली, पण घरोघरचं दार त्यामुळेच हळूहळू बंद झालं असं म्हणायला जागा आहे, कारण इ.स. 400 च्या आसपास कॉन्स्टँटिनोपलमध्ये तिथला बिशप योहान क्रिसोस्टम बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकावरच्या 45 व्या प्रवचनात याच गोष्टीवर चिडलेला दिसतो. लोक म्हणायचे चर्चची धर्मशाळा आहे ना, तर हा विचारतो की पाळक प्रार्थना करतात म्हणून तुम्ही करायची नाही का? शिपाई आले तर त्यांच्यासाठी खोल्या काढून देता, मग ख्रिस्तासाठी एक का नाही? घरात खोली करा, पलंग लावा, मेज ठेवा, दिवा ठेवा आणि सांगा की ही ख्रिस्ताची खोली, तळघर असलं तरी त्याला चालतं. पलंग, मेज, दिवा, यादी उघडउघड शुनेमच्या बाईची. या प्रवचनांच्या पाठाच्या दोन परंपरा आहेत, एक ओबडधोबड आणि एक नंतर कुणीतरी घासूनपुसून केलेली, ओबडधोबडच मूळाच्या जवळची असं साधारण मत आहे.

आता खरा गुंता. 1933 मध्ये न्यूयॉर्कला डोरोथी डे आणि फ्रान्समधून आलेले पीटर मॉरिन यांनी कॅथलिक वर्कर चळवळ सुरू केली (त्याच नावाच्या पेपरचा पहिला अंक 1 मे, किंमत एक सेंट), मंदीने बेकार झालेल्यांसाठी आतिथ्यगृहं काढली आणि प्रत्येक ख्रिस्ती घरात ख्रिस्ताची खोली हवी असा धोशा लावला. बिशपांना केलेल्या आवाहनात मॉरिन यांनी दाखला दिला की इ.स. 436 च्या सुमाराच्या तथाकथित कार्थेज (उत्तर आफ्रिका) धर्मपरिषदेच्या 14 व्या नियमाने बिशपांना चर्चला जोडून आतिथ्यगृह ठेवायला सांगितलंय. हा दाखला त्यांनी एका कॅथलिक विश्वकोशातून उचलला होता, आणि तसं लिहिलंही होतं. पण ते नियम कार्थेजचे नाहीतच, दक्षिण गॉलमध्ये (आजचा दक्षिण फ्रान्स) इ.स. 475 च्या आसपास जुळवलेले, बहुधा मार्सेच्या गेनाडियसने. वर नियमातला लॅटिन शब्द आहे ‘होस्पितिओलुम’, छोटं बिऱ्हाड. बिशपने चर्चपासून जवळ छोटं बिऱ्हाड ठेवावं एवढंच तिथे आहे आणि लगेच पुढचा नियम त्याचं सामान आणि ताट गरिबाचं असावं असा आहे, म्हणजे हे बिशपच्या स्वतःच्या राहण्याबद्दल असावं हेच सरळ वाटतं. एका विश्वकोशावरून दुसरा लिहिणाऱ्यांनी (आम्हीही त्यातलेच) हे ध्यानात ठेवलेलं बरं. अर्थात मॉरिन यांचं म्हणणं त्यामुळे पडत नाही, क्रिसोस्टमचा दाखला पुरेसा आहे.

मुंबईतल्या वन रूम किचनमध्ये वेगळी खोली कुठून काढणार, त्यामुळे इथे क्रिसोस्टमचा तळघरवाला भागच जास्त कामाचा. गावाकडून कुणी टाटा हॉस्पिटलला दाखवायला आलं, कुणी नोकरी शोधायला, की हॉलमध्ये रात्री गादी पडते आणि सकाळी गुंडाळून कपाटावर जाते.