विषारी शैवाल : देखरेख व परीक्षण

पाण्यातल्या सूक्ष्म शैवालांपैकी मोजक्या जाती विष तयार करतात. त्यांची संख्या आणि शिंपल्यांत किंवा पिण्याच्या पाण्यात उतरलेले त्यांचे विष ठरावीक दिवसांनी मोजत राहणे, म्हणजे ही देखरेख. किनाऱ्यावर तिचा रोख तिसऱ्या, कालवे, शिनाणे या शिंपल्यांवर असतो. सातारा-सांगलीसारख्या घाटावरच्या जिल्ह्यांत नद्या, तलाव आणि धरणांवर.

शिंपला पाणी गाळून जगतो. तासाला काही लिटर पाणी त्याच्या कल्ल्यांतून जाते, त्यातले शैवाल पोटात राहते आणि विष मांसात साठत जाते. बहुतेक वेळा शिंपल्याला स्वतःला काही होत नाही. त्याचा रंग, वास, चव, काहीही बदलत नाही. वाटणात कितीही वेळ उकळले तरी सॅक्सिटॉक्सिन नष्ट होत नाही. अलेक्झांड्रियम, जिम्नोडिनियम यांसारखी शैवाले तयार करतात ते हे विष मज्जातंतूंतील सोडियमचा मार्ग अडवते. खाल्ल्यानंतर सुमारे अर्ध्या तासात ओठांना मुंग्या येतात, मग हातपाय जड होतात आणि गंभीर प्रसंगी श्वास थांबतो. त्यावर उतारा नाही. विष शरीराबाहेर पडेपर्यंत कृत्रिम श्वासावर तग धरावा लागतो. शैवालांचेच दुसरे विष असलेल्या ओकाडाइक आम्लाने जुलाब होतात. तिसरे, डोमोइक आम्ल, स्मृतीवर आघात करते. १९८७ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभरावर लोक आजारी पडले, तेव्हा शिंपल्यांतले विष म्हणून ते प्रथम ओळखले गेले.

हा धोका परदेशापुरता नाही. १९८१ मध्ये तमिळनाडूत तिघांचा आणि १९८३ मध्ये मंगळूरजवळ एका मुलाचा शिंपल्यांतल्या विषाने जीव गेला. १९९७ मध्ये केरळातल्या विळिंजम येथे सात जण दगावले आणि पाचशेवर लोकांना दवाखान्यात दाखल करावे लागले.

देखरेखीचे काम बाटलीभर पाण्यापासून सुरू होते. नमुन्यात ल्युगोलचे आयोडीन टाकले की पेशी तपकिरी होऊन तळाशी बसतात. मग ५० मिमी लांब, २० मिमी रुंद आणि १ मिमी खोल अशा काचेच्या मोजणीपेटीत बरोबर एक मिलिलिटर पाणी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक चौकोन मोजला जातो. अलेक्झांड्रियमच्या लिटरमागे काहीशे पेशी दिसल्या तरी सावध व्हावे लागते, आणि एवढ्या पेशींनी पाण्याचा रंग बदलत नाही. उलट कोकणात रात्री लाटा निळ्या चमकवणारे नॉक्टिल्युका हे शैवाल पाणी रंगवते, पण माणसाला बाधणारी ही विषे ते तयार करत नाही. म्हणून केवळ रंगावर विसंबणारी देखरेख अपुरीच असते. हैदराबादचे इनकॉइस हे समुद्रविषयक माहिती केंद्र उपग्रहांवरून शैवालबहराची, म्हणजे शैवालाच्या एकाएकी वाढीची, माहिती देते आणि ती उपयोगाची आहे, पण उपग्रहाला हरितद्रव्य दिसते, विष दिसत नाही.

निर्णायक ठरते ती शिंपल्याच्या मांसाची तपासणी. पूर्वी अर्क उंदराला टोचून तो किती मिनिटांत मरतो ते पाहत. आता बऱ्याच ठिकाणी विषाचे घटक वेगळे करून मोजणारी द्रव-वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापी ही यंत्रे वापरतात. किलोमागे सॅक्सिटॉक्सिन ८०० मायक्रोग्रॅम, ओकाडाइक आम्ल १६० मायक्रोग्रॅम आणि डोमोइक आम्ल २० मिलिग्रॅम या आंतरराष्ट्रीय मर्यादा आहेत. त्या ओलांडल्या की त्या खाडीतली काढणी थांबवतात. बहर ओसरल्यावरही मांसातले विष काही आठवडे टिकू शकते. म्हणून पाणी स्वच्छ झाले एवढ्यावर काढणी पुन्हा सुरू करत नाहीत.

साताऱ्याचा या किनाऱ्याशी संबंध फक्त घाट चढून येणाऱ्या मासळीपुरता नाही. वीजनिर्मितीसाठी कोयनेचे वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी पश्चिमेकडे सोडण्याची मुभा आहे. ते चिपळूणजवळ वाशिष्ठीत उतरते आणि पुढे दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. खाडीत किती गोडे पाणी येते यावर खारटपणा ठरतो, आणि कोणते शैवाल वाढेल हे बऱ्याच अंशी खारटपणावर अवलंबून असते.

गोड्या पाण्यातले दोषी मात्र निराळे. नीलहरित शैवाले म्हणतात ती खरे तर जीवाणू आहेत. उन्हाळ्यात प्रवाह मंदावतो, बंधाऱ्यामागे पाणी तुंबते, गटारांतून आणि शेतांतून फॉस्फरस व नायट्रोजन येत राहतो. कृष्णेच्या सांगलीकडच्या पात्रात वाढीला लागणाऱ्या या तिन्ही गोष्टी जुळून येतात. नदीच्या घाटावर उभे राहून एक ढोबळ परीक्षा करता येते. हिरव्या थरात काठी घालून वर काढा. केसांसारखे धागे लोंबले तर ते बहुधा साधे शेवाळ. रंगात बुडवल्यासारखा लेप बसला तर नीलहरित असण्याची शक्यता मोठी. काचेच्या बरणीत पाणी रात्रभर ठेवले तर हीच शैवाले बहुधा सकाळी वर तरंगलेली दिसतात. विष आहे की नाही हे मात्र प्रयोगशाळेतच कळते.

मायक्रोसिस्टिस या शैवालाचे मायक्रोसिस्टिन यकृताला मारक असते आणि पाणी उकळल्याने जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर या त्याच्या प्रकारासाठी लिटरमागे १ मायक्रोग्रॅम हे मार्गदर्शक मूल्य ठेवले आहे. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात डायलिसिसच्या पाण्यात हे विष उतरले आणि पन्नासावर रुग्ण दगावले. नदीतले शिंपले काढून खाणाऱ्यांचाही विचार इथे व्हायला हवा, कारण हे विष त्या शिंपल्यांच्याही मांसात साठते.

हिरवे पाणी दिसले की मोरचूद टाकण्याचा सल्ला लगेच मिळतो. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणामुळे मोरचूद घरचेच. पण मोरचुदाने शैवालाच्या पेशी फुटतात आणि आतले विष एकदम पाण्यात मिसळते. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पाम बेटावर शैवाल मारण्यासाठी धरणात मोरचूद टाकले आणि काही दिवसांतच शंभरावर मुले यकृत व मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडली. म्हणून भर बहरात मोरचूद न टाकता पाणी उचलण्याची पातळी तवंगाखाली नेतात, पेशी अखंड असतानाच गाळून काढतात आणि विरघळलेल्या विषासाठी सक्रिय कोळशाची भुकटी वापरतात.