आइन्स्टाइन (आडनाव)

आइन्स्टाइन : नैर्ऋत्य जर्मनीतील श्वाबिया या प्रदेशात रुजलेले एक विरळ जर्मन-ज्यू आडनाव. जर्मनमध्ये त्याचा उच्चार ‘आइन्श्टाइन’ असा होतो; मराठीत ‘आइन्स्टाइन’ आणि ‘आईनस्टाईन’ ही दोन्ही लेखने रूढ आहेत. भौतिकशास्त्रज्ञ आल्बर्ट आइन्स्टाइन (१८७९–१९५५) यांच्यामुळे हे आडनाव जगातल्या बहुतेक सर्व भाषांत पोचले. त्यांच्या जन्माच्या दोनशेहून अधिक वर्षे आधीपासून मात्र ते दक्षिण जर्मनीच्या एका छोट्या टापूतील मोजक्या ज्यू कुटुंबांचे नाव होते, आणि त्या टापूबाहेर ते क्वचितच आढळत असे. ते कोठे वाढले, कोठे पसरले आणि कोठून पुसले गेले, हे प्रामुख्याने त्या त्या काळच्या सत्तेने ज्यूंना कोठे राहू दिले आणि कोठून हाकलले यावर ठरले आहे. म्हणून या आडनावाचा भूगोल श्वाबियातील ज्यूंच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

या आडनावाची महत्त्वाची आरंभीची नोंद बुखाऊ या गावची आहे. कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी असलेल्या वांगेन या खेड्यातून आलेल्या बारूख मोझेस आइन्स्टाइन या ज्यू गृहस्थास १६६५ मध्ये बुखाऊ येथे वास्तव्याची परवानगी मिळाली. त्या काळच्या कागदपत्रांत त्याच्या आडनावाचे रोमन लिपीतील पहिले अक्षर आजच्याप्रमाणे ‘ई’ (E) नसून ‘ए’ (A) आहे. वर्णलेखन निश्चित झालेले नसल्याने लेखनिक कानावर पडेल तसे लिहीत, आणि एकाच माणसाचे नाव दोन दप्तरांत दोन प्रकारे आढळणे त्या शतकात नेहमीचेच होते. भौतिकशास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांच्या पितृवंशाची परंपरा याच बुखाऊ घराण्यापर्यंत मागे नेली जाते. त्यांचे पणजोबा रूपर्ट, आजोबा आब्राहाम आणि वडील हेर्मान (१८४७–१९०२) हे तिघेही बुखाऊचेच.

बुखाऊ हे फेडरझे नावाच्या उथळ, दलदलीने वेढलेल्या सरोवराकाठचे गाव (आजचे बाड बुखाऊ). इतक्या लहान गावात ज्यू वस्ती का झाली, याचे उत्तर पवित्र रोमन साम्राज्याच्या तुकड्यातुकड्यांच्या राजकीय रचनेत आहे. शेजारच्या व्ह्युर्टेंबर्ग संस्थानाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस ज्यूंना वास्तव्यास बंदी केली होती आणि ती तीनशे वर्षे कमीअधिक प्रमाणात टिकली. उल्म या मोठ्या व्यापारी शहराने १४९९ मध्ये आपल्या ज्यू रहिवाशांना बाहेर काढले. मोठ्या सत्तांनी दारे बंद केल्यावर ज्यू कुटुंबे छोट्या सरदारांच्या, मठांच्या आणि लहान स्वायत्त नगरांच्या हद्दीत आश्रय शोधू लागली. बुखाऊ हे असेच एक चिमुकले स्वायत्त साम्राज्यनगर होते आणि त्याला लागूनच उच्चकुलीन स्त्रियांचा एक संपन्न धर्ममठ होता. अशा सत्तांना महसुलाची निकड असे. त्या ठरावीक संरक्षणकर घेऊन ज्यू कुटुंबप्रमुखाला संरक्षणपत्र देत. या पत्रावर किती कुटुंबांनी राहायचे, त्यांनी कोणता व्यापार करायचा आणि कोणत्या मुलाला लग्न करून वेगळे घर मांडता येईल, हे सारे अवलंबून असे. जमीन बाळगणे आणि कारागिरांच्या श्रेण्यांत शिरणे जवळपास अशक्य असल्याने कापड, गुरेढोरे, फेरीचा व्यापार आणि उधारीचे व्यवहार एवढेच मार्ग उरत. बारूख मोझेसला मिळालेली १६६५ ची परवानगी याच व्यवस्थेचा भाग होती, आणि आडनाव गावाबाहेर फारसे का पसरले नाही याचे कारणही हीच व्यवस्था आहे: धाकट्या मुलाला दुसऱ्या गावाचे संरक्षणपत्र मिळाले तरच नाव तेथे जाई.

व्युत्पत्ती : हे आडनाव स्थलवाचक मानले जाते. त्याचा संबंध ‘दगडांनी वेढणे, दगडी कुंपण घालणे’ या अर्थाच्या जुन्या जर्मन क्रियापदाशी जोडण्यात येतो, म्हणजेच दगडी हद्दीने वेढलेली जागा किंवा तशा जागेवरून नाव पडलेली वस्ती, आणि तेथून आलेला तो ‘आइन्स्टाइन’. जर्मनमध्ये ‘आइन’ म्हणजे एक आणि ‘श्टाइन’ म्हणजे दगड, त्यामुळे ‘एक दगड’ हा अर्थ वाचकाच्या मनात सहज येतो. तो ऐतिहासिक व्युत्पत्ती म्हणून स्वीकारला जात नाही, पण गणितात मात्र त्याच अर्थाने एक संज्ञा तयार झाली आहे: प्रतल व्यापणाऱ्या, परंतु आकृतिबंधाची आवर्ती पुनरावृत्ती कधीही होऊ न देणाऱ्या एकाच आकाराच्या फरशीला ‘आइन्स्टाइन’ म्हणतात, आणि त्या संज्ञेचा शास्त्रज्ञाशी संबंध नाही.

स्थलवाचक आडनावांचा एक नियम येथे ध्यानात घ्यावा लागतो आणि मराठी वाचकाला तो आपल्या ‘कर’कारान्त आडनावांवरून परिचित आहे. गावाचे नाव माणसाला चिकटते ते त्याने गाव सोडल्यावर; सगळेच पैठणकर असलेल्या पैठणात ‘पैठणकर’ या नावाने कोणाचीच ओळख पटत नाही. म्हणून असे आडनाव जेथे दाट आढळते तेच त्याचे मूळ गाव असते असे नाही. बुखाऊमध्ये आइन्स्टाइन पुष्कळ होते, याचा अर्थ ते नाव बुखाऊत जन्मले असा होत नाही. पहिली नोंदच बाहेरून आलेल्या माणसाची आहे.

गोल्डश्टाइन, रूबिनश्टाइन, बेर्नश्टाइन यांसारख्या ‘श्टाइन’ने संपणाऱ्या ज्यू आडनावांच्या पंक्तीत आइन्स्टाइन हे नाव बसवून ते सरकारी सक्तीतून निर्माण झालेले शोभानाम आहे असे पुष्कळदा समजले जाते. कालक्रम पाहता हे पटत नाही. मध्य युरोपातील बहुसंख्य ज्यू अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वंशपरंपरागत आडनाव लावत नव्हते. ‘अमुक याचा मुलगा तमुक’ एवढी ओळख पुरत असे. राज्यांना करवसुली, सैन्यभरती आणि न्यायदानासाठी कायम आडनावे हवी होती. ऑस्ट्रियाने १७८७ मध्ये, बाडेनने १८०९ मध्ये, प्रशियाने १८१२ मध्ये आणि बव्हेरियाने १८१३ मध्ये तशी सक्ती केली. व्ह्युर्टेंबर्गने मात्र १८२८ च्या ज्यूविषयक कायद्यापर्यंत वाट पाहिली, आणि १८०६ पासून बुखाऊ व्ह्युर्टेंबर्गच्याच अमलाखाली होते. बुखाऊचे आइन्स्टाइन या कायद्याच्या दीडशे वर्षे आधीपासून आपले आडनाव लावत होते. त्यांना नवे नाव घ्यावे लागले नाही. जुन्यावर केवळ सरकारी शिक्का बसला. शेजारच्या कुटुंबांचे अनुभव याहून वेगळे होते. आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या आईचे माहेरचे आडनाव कोख असे सांगितले जाते, पण तिचे वडील येबेनहाउझेन गावचे डर्झबाखर होते आणि त्यांनी १८४२ मध्ये कोख हे नाव स्वीकारले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या आडनावाचे क्षेत्र वरच्या श्वाबियातील ज्यू खेडी आणि गावे एवढ्यापुरते मर्यादित राहिले. बुखाऊखेरीज लाउपहाइम हे त्याचे महत्त्वाचे ठिकाण. तेथील ज्यू वस्ती अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाली आणि एकोणिसाव्या शतकात ती व्ह्युर्टेंबर्गमधील मोठ्या ज्यू समाजांपैकी एक बनली. पुढे कवी झालेले झिगफ्रीड आइन्स्टाइन (१९१९–१९८३) हे लाउपहाइमचेच. एक शाखा होहेनझोलर्न मुलखातील हेखिंगेन येथे स्थिरावली. या गावांमध्ये सोयरिकी पुन्हा पुन्हा त्याच घरांत होत. मोस, ओबरनाउअर, नोयबुर्गर, आइन्स्टाइन ही नावे एकमेकांच्या वंशावळींत सतत येतात. आइन्स्टाइन आडनावाच्या वधूने आइन्स्टाइन आडनावाच्याच घरात जाण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण खुद्द आल्बर्ट यांच्या दुसऱ्या विवाहाचे आहे. त्यांची दुसरी पत्नी एल्झा हेखिंगेनची, माहेरची आइन्स्टाइन. तिचे आणि आल्बर्ट यांचे आजोबा सख्खे भाऊ होते, तर दोघांच्या आया सख्ख्या बहिणी होत्या. पहिल्या विवाहाने ती लोव्हेनथाल झाली, घटस्फोटानंतर १९०८ मध्ये पुन्हा आइन्स्टाइन हे माहेरचे नाव लावू लागली आणि १९१९ मध्ये आल्बर्ट यांच्याशी विवाह झाल्यावर तेच नाव तिचे सासरचेही ठरले. तिच्या दोन्ही मुलींनीही हे आडनाव घेतले. विरळ आडनाव वंशवृद्धीखेरीज अशा कायदेशीर वाटांनीही टिकते, हे वंशावळी वाचताना विसरू नये.

संचार, निवास आणि व्यवसाय यांवरील बंधने सैल होत गेली आणि १८६४ मध्ये व्ह्युर्टेंबर्गमध्ये ज्यूंना नागरी समानता मिळाली. त्यानंतरच्या एका पिढीत या आडनावाचा नकाशा मागील दोनशे वर्षांत बदलला नव्हता इतका बदलला. खेडी रिकामी होऊ लागली; तरुण उल्म, श्टुटगार्ट, म्युनिक या शहरांकडे गेले. हेर्मान आइन्स्टाइन यांच्या आयुष्यात हा सारा प्रवास दिसतो. बुखाऊत जन्म, ज्या उल्मने १४९९ मध्ये ज्यूंना घालवले होते तेथे पिसांच्या गाद्यांच्या व्यापारात भागीदारी, तेथेच १४ मार्च १८७९ रोजी मुलगा आल्बर्ट याचा जन्म, १८८० मध्ये म्युनिकला स्थलांतर आणि भाऊ याकोब यांच्यासह विद्युत्‌ उपकरणांचा कारखाना, तो व्यवसाय बसल्यावर १८९४ मध्ये उत्तर इटली, आणि १९०२ मध्ये मिलानमध्ये मृत्यू. म्युनिकमध्येच १८८० मध्ये संगीताचे इतिहासकार आल्फ्रेड आइन्स्टाइन (मृत्यू १९५२) जन्मले. मोझार्टच्या रचनांच्या क्योखेल सूचीची १९३७ ची सुधारित आवृत्ती त्यांनी सिद्ध केली. कलासमीक्षक कार्ल आइन्स्टाइन (१८८५–१९४०) यांचा जन्म ऱ्हाइनकाठच्या नोयव्हीडचा आणि बालपण कार्ल्सरूअचे, म्हणजे आडनाव तोवर श्वाबियाच्या बरेच बाहेर गेले होते.

अमेरिकेकडे जाणारी वाट याहून जुनी आहे. दक्षिण जर्मनीतील ज्यू तरुण १८३० नंतर मोठ्या संख्येने अटलांटिक ओलांडू लागले; विवाह आणि घर यांवरील मर्यादा हे त्यामागील एक थेट कारण होते. एडविन आइन्स्टाइन (१८४२–१९०५) हे सिनसिनाटीत जन्मले आणि १८७९ ते १८८१ या काळात न्यूयॉर्कमधून अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. उल्ममध्ये आल्बर्ट यांचा जन्म झाला त्याच वर्षी एक आइन्स्टाइन वॉशिंग्टनमध्ये खासदार होता. राजनैतिक अधिकारी आणि इतिहासलेखक लुइस आइन्स्टाइन (१८७७–१९६७) हेही न्यूयॉर्कचेच.

अमेरिकेतील प्रत्येक आइन्स्टाइन घराणे श्वाबियातून आलेले आहे असे मात्र समजू नये. मद्यबंदीच्या काळात वेषांतर करून छापे घालणारे अधिकारी म्हणून गाजलेले इझी आइन्स्टाइन (१८८०–१९३८) हे ऑस्ट्रिया-हंगेरीतून आलेले होते. ऑस्ट्रियाच्या पूर्वेकडील प्रांतांत १७८७ च्या आदेशानंतर हजारो ज्यू कुटुंबांना जर्मन आडनावे मिळाली. त्यांत हे नाव बुखाऊशी काहीही संबंध नसताना स्वतंत्रपणे निर्माण झाले असणे संभवते. केवळ आडनाव समान आहे म्हणून शास्त्रज्ञाशी नाते सांगणे त्यामुळे धाडसाचे ठरते. नाते ठरते ते गावाच्या नोंदवह्यांवरून.

जर्मनीतील या आडनावाची साखळी १९३३ ते १९४५ या बारा वर्षांत तोडली गेली. उल्म नगराने १९२२ मध्ये आपल्या सुपुत्राच्या नावे केलेल्या रस्त्याचे नाव नाझींनी १९३३ मध्ये बदलले. ते १९४५ मध्ये परत देण्यात आले. आल्बर्ट स्वतः डिसेंबर १९३२ मध्ये जर्मनीबाहेर पडले होते आणि पुन्हा कधीही परतले नाहीत. आल्फ्रेड अमेरिकेला पोचले. कार्ल यांनी १९४० मध्ये फ्रान्समध्ये, जर्मन सैन्य जवळ येत असता, आत्महत्या केली. बुखाऊचे सिनेगॉग नोव्हेंबर १९३८ मध्ये जाळण्यात आले. त्या वास्तूला घंटा होती, आणि ही गोष्ट ज्यू प्रार्थनास्थळांत अतिशय दुर्मिळ. तेथील ज्यूंना शेजाऱ्यांमध्ये किती सामावल्यासारखे वाटत होते ते तिच्यावरून कळते. गावात उरलेल्यांना १९४१ पासून पूर्वेकडील छावण्यांत पाठवण्यात आले. झिगबेर्ट आइन्स्टाइन (१८८९–१९६८) हे टेरेझिनच्या छावणीतून जिवंत परतले, बुखाऊतच राहिले आणि गावाचे उपनगराध्यक्ष झाले. त्यांच्यानंतर ज्यू आइन्स्टाइन कुटुंबांचा बुखाऊतील वास संपला. तेथील ज्यू दफनभूमीत मात्र हे आडनाव कोरलेल्या शिळा मोठ्या संख्येने उभ्या आहेत.

इटालियन शाखेचा शेवटही असाच हिंसक झाला. याकोब यांचा मुलगा रॉबर्ट हा फ्लॉरेन्सजवळ रिन्यानो सुल्लार्नो येथे राहत असे. ३ ऑगस्ट १९४४ रोजी जर्मन सैनिकांनी त्याची पत्नी नीना आणि दोन मुली लूचे व आन्नामारिया यांना ठार मारले. रॉबर्ट त्या वेळी लपून राहिल्याने वाचला, आणि पुढच्या वर्षी जुलैमध्ये त्याने आत्महत्या केली. ज्यूंच्या छळाचा इतिहास सहसा आकड्यांत सांगितला जातो; एका विरळ आडनावाच्या संदर्भात त्याचा परिणाम एकेका घराच्या पातळीवर मोजता येतो, कारण अशा एका घटनेने एका देशातील संपूर्ण शाखा नाहीशी होते.

आज हे आडनाव जर्मनीत क्वचित आढळते. ते धारण करणाऱ्यांची संख्या अमेरिकेत त्याहून अधिक आहे. आल्बर्ट यांच्या स्वतःच्या वंशात ते थोरला मुलगा हान्स आल्बर्ट (१९०४–१९७३) याच्याकडून पुढे गेले. बर्नमध्ये जन्मलेला हा स्विस अभियंता १९३८ मध्ये अमेरिकेला गेला आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत जलप्रवाहशास्त्राचा प्राध्यापक झाला. नद्यांच्या पात्रातून गाळ कसा वाहतो हा त्याच्या संशोधनाचा विषय होता. त्याचा मुलगा बर्नहार्ड (१९३०–२००८) हाही भौतिकशास्त्राशी संबंधित अभियंता होता, आणि बर्नहार्डच्या मुलांबरोबर हे नाव पुढील पिढीत गेले. धाकटा मुलगा एडुआर्ड (१९१०–१९६५) निपुत्रिक राहिला. अमेरिकेतील नावाच्या वजनाचे एक उदाहरण मनोरंजनाच्या क्षेत्रातले आहे: विनोदी नट हॅरी आइन्स्टाइन यांनी १९४७ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव आल्बर्ट ठेवले, आणि त्या मुलाने मोठेपणी अल्बर्ट ब्रुक्स हे नाव घेऊन चित्रपटांत काम केले, त्याचा भाऊ बॉब मात्र आइन्स्टाइन या आडनावानेच दूरचित्रवाणीवर वावरला.